हाँगकाँग ग्रुपच्या मंडळींसाठी: शेवटच्या दुपारचं कँटोनीज जेवण

नमस्कार मंडळी, टूरच्या शेवटच्या दिवशी दुपारी आपण हाँगकाँगच्या चिम शा चुई भागातल्या नवीनच सुरू झालेल्या एका मॉडर्न कँटोनीज रेस्टॉरंटमध्ये जेवणार आहोत. बाकी दिवस रात्री इंडियन जेवण आहेच, वरण-भात, पोळी-भाजी सगळं मिळेल, पण हे एक जेवण आम्ही मुद्दाम ठेवलंय, कारण हाँगकाँगपर्यंत जायचं आणि तिथलं काहीच न खाता यायचं हे आम्हाला खरंच पटत नाही. ऐनवेळी गोंधळ नको म्हणून आधीच लिहून देतोय, निवांत वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

सगळ्यात आधी हे की आपण इथे गाडीवर खातो ते चायनीज म्हणजे मंचुरियन, शेजवान राइस, ट्रिपल, हे तिथे मिळणार नाही, ते आपल्याकडेच तयार झालेले प्रकार आहेत. कँटोनीज म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांताचं आणि हाँगकाँग-मकाऊचं जेवण. त्यात मसाला कमी, तिखट तर जवळपास नाहीच, सगळा भर माल किती ताजा आहे आणि आच किती अचूक आहे यावर. पहिला घास फिका वाटेल, वाटू दे, लगेच चिली सॉस ओतू नका, दोन-चार घास तसेच खा म्हणजे कोळंबीची स्वतःची गोडी काय असते ते कळेल.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे वाफवलेला अख्खा मासा. मासा टाकीत जिवंत असतो, बऱ्याच ठिकाणी आधी टेबलापाशी आणून दाखवतात, मग आत नेऊन साफ करून जोरदार वाफेवर जेमतेम आठ-दहा मिनिटं ठेवतात. बाहेर आला की वर आलं आणि कांद्याच्या पातीचे केसासारखे बारीक काप, त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओततात, चर्रर्र आवाज येतो, अगदी आपल्या फोडणीसारखा, आणि कडेने हलका गोडसर सोया सॉस. बस, एवढंच. काट्याजवळचं मांस किंचित चिकटलेलं राहिलं तर मासा कच्चा आहे असं समजून परत पाठवू नका, त्यांच्याकडे तीच बरोबर शिजल्याची खूण. आणि वरची बाजू संपली की मासा उलटवायचा नाही, तिकडच्या कोळी लोकांत त्याने होडी उलटते असं मानतात, मधला काटा उचलायचा आणि खालचं खायचं. मेनूत माशापुढे किंमत नसून 'बाजारभाव' लिहिलेलं असतं, आणि भाव कॅटीवर असतो, एक कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम. आपल्या पॅकेजमध्ये एका टेबलाला एक मासा आहे, जास्तीचा मागवणार असाल तर आधी वजन आणि भाव दोन्ही विचारा, नाहीतर बिल बघून धक्का बसतो.

आता यात मॉडर्न काय? पदार्थ बहुतेक जुनेच, पण तेल कमी, प्लेटी छोट्या, मांडणी देखणी आणि जुन्या हॉटेलातला गोंगाट नाही. या बाबतीत हाँगकाँगचं नाव मोठं आहे, २००९ च्या मिशेलिन गाइडमध्ये (रेस्टॉरंटना स्टार देणारं नावाजलेलं गाइड, ३ स्टार म्हणजे सगळ्यात वरचे) तिथलं लुंग किंग हीन हे ३ स्टार मिळवणारं पहिलं चिनी रेस्टॉरंट ठरलं, आणि तिथलंच द चेअरमन हे रेस्टॉरंट २०२१ साली आशियातल्या ५० बेस्ट रेस्टॉरंटच्या यादीत पहिलं आलं. आपलं रेस्टॉरंट त्या लेव्हलचं आहे असं आम्ही म्हणत नाही, पण स्वयंपाकाची वाट तीच आहे.

दुपारची वेळ घेतली ती डिमसमसाठी, म्हणजे चहाबरोबर खायचे डंपलिंगसारखे छोटे छोटे पदार्थ, कारण ते मुख्यतः सकाळ-दुपारचंच खाणं. हार गाव नक्की खा, कोळंबीचं डंपलिंग, पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते आणि तरी उचलताना फाटत नाही, आचारी किती तयार आहे ते लोक यावरूनच ओळखतात.

शाकाहारी मंडळींनी हा भाग दोनदा वाचा. नुसतं 'व्हेज' म्हणून तिथे भागत नाही, कारण हिरव्या भाजीवरसुद्धा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस असतो, सूपचा बेस चिकन किंवा पोर्कचा असतो, मुळ्याचा केक दिसायला साधा पण आत सुकी कोळंबी आणि सॉसेज, पेस्ट्रीत डुकराची चरबी असू शकते. सिउ माइ (वरून उघडं डंपलिंग) आणि चार सिउ (भाजलेलं गोडसर मांस) म्हणजे पोर्क, आणि डिमसममध्ये बीफचे गोळेही येतात, त्यामुळे न विचारता उचलू नका. आम्ही शाकाहारी टेबल वेगळं ठेवतोय आणि तिथे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण सांगतोय, त्याला तिकडे 'जाय' म्हणतात, टोफू, मशरूम, भाज्या, आणि कडक पद्धतीत कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळी आणि चातुर्मास पाळणाऱ्यांची बरीच सोय होते. मात्र मशरूम आणि कंद येतात, आणि किचन वेगळं नसतं, हे आधीच स्पष्ट सांगतो. ज्यांना ते चालणार नाही त्यांना जवळच्या इंडियन रेस्टॉरंटमधून पार्सल देऊ, एक्स्ट्रा पैसे नाहीत.

चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा असतो आणि जेवणभर चालू असतो. किटली संपली की झाकण थोडं तिरकं ठेवा, वेटर न बोलावता भरून देतो. कुणी तुमच्या कपात ओतलं तर दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करा, तिथला थँक्यू तोच. चॉपस्टिकचे दोन जोड असतील, एक वाढायचा आणि एक खायचा. काटा-चमचा मागितला की देतात, लाजू नका. साधं पाणी गरम येतं, थंड हवं तर सांगावं लागतं.

शेवटी गोड म्हणजे आंबा, पपनस आणि साबुदाणा घातलेलं थंड मँगो सागो, त्यात दूध किंवा नारळाचं दूध असतं, हे आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना आवडतं.

चहाचे माणशी पैसे, टेबलावर ठेवलेले शेंगदाणे-लोणचं आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज हे सगळं आपल्या पॅकेजमध्ये आहे, वेगळी टिप द्यायची गरज नाही. ड्रिंक्स आणि जास्तीच्या डिश स्वतःच्या खर्चाने.

सोबतचा फॉर्म निघायच्या १० दिवस आधी ऑफिसला द्या किंवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, त्यात काय खात नाही ते एकेक माणसाचं वेगळं लिहा, आणि कोळंबी, खेकडा, शेंगदाणे, तीळ, सोया यातल्या कशाचीही ॲलर्जी असेल तर लाल पेनाने लिहा. अशा प्रत्येकासाठी चिनी भाषेतलं कार्ड आम्ही छापून देऊ, ते बसल्या बसल्या वेटरला दाखवायचं.