उंदीर ही रास नव्हे

चिनी नववर्ष आले की ‘तुमची चिनी रास कोणती?’ असे तक्ते मोबाइलवर फिरू लागतात. उंदीर, बैल, वाघ अशी बारा नावे मेष-वृषभाच्या शेजारी मांडलेली असतात. आकडा जुळतो, बाकी फारसे काही जुळत नाही.

युरोपच्या राशी मूळच्या बाबिलोनच्या. सूर्याच्या वाटेचे तीस-तीस अंशांचे बारा भाग तिथे इ.स.पू. पाचव्या शतकात पाडले गेले. पुढे ग्रीकांनी लग्न (जन्मवेळी उगवणारी रास) आणि भाव (कुंडलीतली घरे) आणले, इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने त्याचे शास्त्र बांधले. ही वाट आपल्याला ओळखीची आहे. ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्दही ग्रीकांकडूनच आलेले.

चिनी उंदीर मात्र आकाशात नाहीच, तो पंचांगात आहे. दहा ‘खोडे’ आणि बारा ‘फांद्या’ अशा चिन्हांच्या दोन माळा जुळवून साठांचे चक्र होते. शांग या प्राचीन चिनी राजवटीच्या काळातल्या, हाडांवर कोरलेल्या लेखांत त्यावर दिवस मोजलेले दिसतात. फांद्यांना प्राणी चिकटले ते बरेच नंतर. हुबेईतल्या शुईहुदीच्या थडग्यात, इ.स.पू. 217 च्या सुमाराच्या बांबूच्या पट्ट्यांवर ती यादी आहे, तीही चोर ओळखण्यासाठी! उंदराच्या दिवशी चोरी झाली तर चोर टोकदार तोंडाचा, विरळ दाढीचा. त्या यादीत आज घोडा असतो तिथे हरीण आहे.

खुद्द आकाश वाचणे हे दरबाराचे काम होते. ग्रहण, धूमकेतू म्हणजे सम्राटाला इशारा. म्हणून तांग राजवटीच्या कायद्याने आकाशाविषयीचे ग्रंथ आणि उपकरणे घरी बाळगायला बंदी होती. त्याच तांग दरबारात खगोल खात्याचा प्रमुख होता भारतीय वंशाचा गौतम सिद्ध. बौद्ध ग्रंथांसोबत बारा राशीही त्याआधीच, सहाव्या शतकात तिकडे पोहोचल्या होत्या. मकर राशीला चिनीत आजही ‘मोजिए’ म्हणतात, ते आपल्या ‘मकर’चेच रूप. हेबेईतल्या श्वानहुआत 1116 च्या एका थडग्याच्या छतावर अठ्ठावीस नक्षत्रे आणि या बारा राशी एकत्र रंगवल्या आहेत.

सतराव्या शतकात जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मप्रसारक आदाम शाल बीजिंगच्या त्याच खात्याचा प्रमुख झाला. त्याचे गणित बिनतोड होते, पण खात्याचे काम गणितावर थांबत नसे, मुहूर्तही काढावे लागत. एका तान्ह्या राजपुत्राच्या दफनाचा मुहूर्त अशुभ काढला, असा आरोप 1664 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड सुनावला गेला. तेवढ्यात भूकंप झाला. आकाशाचा कौल मानून शालला सोडले. खात्यातल्या पाच चिनी सहकाऱ्यांची मुंडकी मात्र उडाली.