वळवाचं पहिलं पाणी जातं कुठं?

कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी ढग दाटतात, वळीव कोसळतो आणि बघता बघता रस्त्यांचे ओढे होतात. त्या वेळी आपल्याच फाटकातून बाहेर पडणारं पाणी जरा निरखून बघा. सुरुवातीला ते काळपट असतं. वर तेलाचा रंगीत तवंग, कडेला फेस. पाऊस टिकला, तर थोड्या वेळानं तेच पाणी बरंच निवळतं. छपरावर, पार्किंगमध्ये, अंगणातल्या फरशीवर उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्या काही मिलिमीटर पावसातच धुऊन निघते, म्हणून हा फरक.

या घाणीत टायरच्या झिजेतलं जस्त असतं, ब्रेकच्या भुकटीतलं तांबं असतं, गाडीतून ठिबकलेलं ऑइल, कुत्र्यांची विष्ठा, कुंड्यांतलं खत, बांधकामाची माती असं सगळं असतं. उद्यमनगरात शेडपुढं सांडलेल्या ऑइलची भर पडते, तर गोठा असेल तिथं शेणाची.

एका घराचं पाणी ते किती, असं वाटेल. एका गुंठ्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, की साधारण १,००० लिटर पाणी जमतं. मातीचं परडं असेल तर त्यातलं बरंचसं जागेवरच मुरतं. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर जवळपास सगळं गटारीत जातं.

गटारीतून ते जयंती किंवा दुधाळी नाल्याला मिळतं. जयंती नाल्याचं सांडपाणी अडवून, उपसून कसबा बावड्यातल्या शुद्धीकरण केंद्राकडं नेलं जातं. या केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर आहे. पण अशी व्यवस्था रोजच्या सांडपाण्याच्या मापानं बांधलेली असते. जोराचा पाऊस आला की नाला बांधावरून ओसंडतो आणि पावसाचं पाणी सांडपाण्याला सोबत घेऊनच पंचगंगेत उतरतं.

वेळही नेमकी वाईट असते. जुलैत भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्या भरून वाहतात आणि त्या लोंढ्यात घाण विरळ होते. मे-जूनमध्ये नदीत बंधाऱ्यांमागं अडलेलं, संथ, कोमट पाणी असतं. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात शेण, मैला आणि कुजका पाला येऊन पडला, की तो कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात आणि मासे गुदमरून वर येतात.

साचलेल्या तळ्यात दुसराच धोका असतो, फॉस्फरसचा. मातीच्या कणांना चिकटून तो पाण्यात येतो आणि एका ग्रॅमवर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. रंकाळ्यावर केंदाळ माजलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे खतपाणी काय करतं ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट याच वळवात आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि पहिलं पाणी त्यातून थेट खाली उतरतं. आषाढात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं मंदावतं. म्हणजे पाणी सर्वांत घाण असतं, तेव्हाच जमीन ते घ्यायला सर्वांत तयार असते. फक्त तिच्यावर फरशी नको. फाटकापाशी दोन-तीन हात रुंदीचा मातीचा पट्टा आणि त्यात गवत, कर्दळ लावली, तरी गाळ आणि त्याला चिकटलेला बराचसा फॉस्फरस तिथंच अडतो. ऑइल सांडलं असेल तर त्यावर भुसा टाकून तो कोरडाच उचलावा, पाण्यानं धुऊ नये.

आणि गच्चीची पन्हळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडली असेल, तर ती पावसाळ्याआधी काढून बागेकडं वळवा. एका आळीतल्या वीस गच्च्यांचं पाणी मैल्याच्या नळात घुसलं, की खालच्या अंगाच्या चेंबरची झाकणं उचलली जातात आणि तो मैला रस्त्यावरून सरळ नाल्यात जातो.