धर्मराजाचे अर्धसत्य आणि नंतर जोडलेला शंख

द्रोणवधाच्या कथेत युधिष्ठिर ‘नरो वा कुंजरो वा’ असे म्हणाला आणि त्याचे शेवटचे शब्द श्रीकृष्णाच्या शंखनादात बुडाले, असे आपण कीर्तनांतून आणि मालिकांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने असंख्य हस्तलिखिते ताडून 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ना हे शब्द आहेत, ना तो शंख.

द्रोणपर्वात भीम मालवांच्या इंद्रवर्म्याचा, द्रोणपुत्राचेच अश्वत्थामा हे नाव असलेला हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेल्याची हाकाटी करतो. द्रोणांचा त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते युधिष्ठिरालाच विचारतात. द्रोण आणखी अर्धा दिवस लढले तर सैन्य उरणार नाही, असे श्रीकृष्णाने बजावल्यावर, असत्याचे भय आणि विजयाची आसक्ती यांत सापडलेला युधिष्ठिर ‘हत्ती मेला’ हे शब्द ‘अव्यक्त’, म्हणजे ऐकू जाणार नाहीत असे, स्वतःच उच्चारतो.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शंखाच्या कथेत दोष श्रीकृष्णाकडे सरकतो आणि धर्मराज जवळजवळ निर्दोष सुटतो. महाभारतकारांनी त्याला अशी सूट दिलेली नाही: जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्याच क्षणी खाली येतो आणि स्वर्गारोहणपर्वात, द्रोणांना पुत्राविषयी कपटाने फसवल्यामुळेच तुला कपटाने नरक दाखवला, असे इंद्र त्याला स्पष्ट सांगतो.