ग्रीक व हिंदू पुराणकथांतील साम्य

इंद्र आणि झ्यूस दोघेही देवांचे राजे, दोघांच्याही हाती वज्र. इंद्र गौतमाचे रूप घेऊन अहल्येकडे गेला. झ्यूसही अल्कमीनीकडे गेला तो तिच्या नवऱ्याच्याच रूपात. नावाचे नाते मात्र वेगळीकडे आहे. ‘झ्यूस’ हा शब्द ऋग्वेदातल्या ‘द्यौस्’चा, म्हणजे आकाशदेवाच्या नावाचा, सख्खा भाऊ. वेदातली ‘द्यौष्पितः’ ही हाक, होमरमधली ‘झ्यू पातेर’ आणि रोमनांचा जुपिटर यांचे मूळ एकाच इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वजभाषेतल्या) संबोधनात आहे. भारतात द्यौस् मागे पडला आणि राजेपण इंद्राकडे आले.

संस्कृत व ग्रीक एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले. पुढे वेदांचे अभ्यासक मॅक्स म्यूलर यांना पुराणकथांत जिथे तिथे सूर्य आणि पहाट दिसू लागली. ते मत आता मागे पडले, तरी उषस् आणि एऑस या पहाटेच्या दोन देवतांचे नाते टिकून आहे. वरुण आणि ग्रीकांचा आकाशदेव उरॅनोस ही एके काळची लाडकी जोडी मात्र ध्वनिनियमांत बसत नाही म्हणून बहुतेकांनी सोडून दिली.

अश्विनीकुमारांचा पुरावा जास्त भक्कम. ते ‘दिवो नपाता’, द्यौस्चे वंशज. ग्रीकांचे जुळे डायोस्कुरी, म्हणजे झ्यूसचे मुलगे. दोन्ही जोड्या घोड्यांच्या, दोन्ही संकटात धावणाऱ्या. समुद्रात सापडलेल्या भुज्यूला अश्विनांनी शंभर वल्ह्यांच्या नावेतून आणले. डायोस्कुरी वादळात खलाशांना वाचवत.

जलप्रलयाचे तसे नाही. शतपथ ब्राह्मणात सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत मासा येतो. ग्रीक प्रलयातून वाचलेल्या ड्यूकेलियनच्या कथेत मासाच नाही, तिथे सावध करणारा त्याचा बाप प्रोमिथियस. शिवाय याहून जुनी प्रलयकथा मेसोपोटेमियात सापडते. तेव्हा इथे समान वारशापेक्षा कथेचा प्रवास अधिक संभवतो.

प्रत्यक्ष ओळख उशिराची. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस याने मथुरेच्या शूरसेनांचा देव ‘हेराक्लीझ’ (ग्रीकांचा महावीर) म्हणून नोंदवला. तो बहुधा कृष्ण. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हेलिओडोरस या ग्रीक वकिलाने विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला.

ग्रीक वीर अकिलीसची टाच आणि दुर्योधनाची मांडी, अभेद्य शरीरातली एकेक कच्ची जागा, ही तुलना हमखास केली जाते. पण गांधारीने पट्टी सोडून मुलाचे शरीर वज्राचे केले, झाकलेली मांडी तेवढी राहिली, ही गोष्ट महाभारताच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत नाही. अकिलीसला अभेद्य करण्यासाठी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याचेही होमर सांगत नाही; ते इ. स. पहिल्या शतकातल्या स्टेशिअस या रोमन कवीकडे आढळते.