शेजारी दीर्घिकांचे विस्तृतक्षेत्र छायाचित्रण (इंदूर परिसर)

दुर्बिणीवाचून, साध्या कॅमेऱ्याला प्रमाण भिंग (बहुधा ५० मिमी.) लावून आकाशाचा मोठा भाग टिपणे व त्यात आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह, गॅलॅक्सी) उमटवणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. इंदूरच्या आकाशात (उत्तर अक्षांश सु. २२° ४३′) अशा भिंगाच्या आवाक्यातल्या शेजारणी दोनच : देवयानी (मेसिए यांच्या यादीतील क्र. ३१) आणि त्रिकोण (मेसिए ३३). मॅगेलनच्या मेघांपैकी (दक्षिण आकाशातील दोन शेजारी दीर्घिका) मोठ्याचा मध्य येथे क्षितिजाखाली सु. अडीच अंशांवरच राहतो. कन्याकुमारीस तो सु. १२ अंश वर येतो. माळव्यात हिंदीच्या सहवासाने कोणत्याही दीर्घिकेला ‘आकाशगंगा’ म्हणण्याची सवय आहे. येथे तो शब्द आपल्या दीर्घिकेपुरताच वापरला आहे.

देवयानी, शर्मिष्ठा, ययाती व वृषपर्वा ही तारकासमूहांची नावे प्राचीन नक्षत्रपद्धतीतील नाहीत. ग्रीक कथेतल्या कुटुंबाच्या जागी महाभारतातील ययातिकथेची पात्रे बसवलेली दिसतात. या भागातील जुने नाव उत्तरा भाद्रपदाचे, पण त्याच्या योगताऱ्याविषयी (नक्षत्राची खूण मानलेल्या मुख्य ताऱ्याविषयी) मतभेद आहे : काही जण आल्फा देवयानी हा तारा धरतात, तर काही गॅमा महाश्व. सूर्यसिद्धांतातील शराचा, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनच्या कोनीय अंतराचा, आकडा (२६ अंश उत्तर) पहिल्या मताला अधिक जवळचा आहे. देवयानीतील अंधुक ठिपक्याची सर्वांत जुनी निश्चित नोंद मात्र ज्योतिर्विद अल्-सूफीची (सु. ९६४), त्याने त्याला ‘लहान ढग’ म्हटले आहे.

पद्धतीच्या उगमाबाबतही एकवाक्यता नाही. आयझॅक रॉबर्ट्स यांनी डिसेंबर १८८८ मध्ये देवयानीचे छायाचित्र घेऊन तिची सर्पिल रचना दाखवली, म्हणून मान सहसा त्यांच्याकडे जातो. परंतु त्यांचे साधन ५० सेंमी. व्यासाची परावर्तक दुर्बीण होते, आणि त्या चित्रात त्यांना दिसली ती घडत असलेली सूर्यमाला. व्यक्तिचित्रे काढण्याचे जुने १५ सेंमी. व्यासाचे भिंग आकाशाकडे वळवून ई. ई. बर्नार्ड यांनी लिक वेधशाळेत १८८९ पासून आकाशगंगेचे विस्तीर्ण पट्टे टिपले, यास्तव काही लेखक त्यांना आद्य मानतात. त्याआधी १८८२ च्या मोठ्या धूमकेतूच्या वेळी डेव्हिड गिल यांनी केप वेधशाळेत स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला होता. धूमकेतूमागे इतके तारे उमटले की त्यातून पुढे ताऱ्यांची छायाचित्रीय सूची निघाली. कॅमेरा फिरत्या आधारावर बांधणे हे या पद्धतीचे मर्म मानल्यास गिल यांचा प्रयोग अधिक ग्राह्य ठरतो. देवयानी आकाशगंगेबाहेर आहे हे एडविन हबल यांनी ऑक्टोबर १९२३ मधील काचपट्टीवर सापडलेल्या सेफीड (ठरावीक कालाने तेज बदलणाऱ्या) ताऱ्यावरून दाखवले. आज तिचे अंतर सु. २५ लक्ष प्रकाशवर्षे धरतात.

पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी. भिंगाने सु. ४० × २७ अंश आकाश येते. देवयानीची लांबी सु. ३ अंश, म्हणजे संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटलावर) ती अवघी २.६ मिमी. भरते. बीटा देवयानी (मिराक) हा तारा मध्यभागी ठेवला की एका बाजूस सु. ८ अंशांवर देवयानी व दुसऱ्या बाजूस सु. ७ अंशांवर त्रिकोण, अशा दोन्ही एका चौकटीत बसतात. लहान संवेदकावरही (सु. २५ × १७ अंश) हे जमते. प्रमाण भिंगाची खरी किंमत यात आहे. त्याला गरिबाची दुर्बीण म्हणणे योग्य नाही.

आधार स्थिर असेल तर पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघाळतात. यासाठी ‘पाचशेचा नियम’ सांगितला जातो : ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागावे, येतील तितके सेकंद. ५० मिमी.ला ते १० होतात. खगोलीय विषुववृत्तावर या नियमाने रेघ संवेदकावर सु. ०.०३६ मिमी. पडते, देवयानीच्या क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, ४१°) सु. ०.०२७ मिमी. हे आकडे फिल्मच्या काळातल्या ‘चालेल इतक्या’ अस्पष्टतेचे (०.०३ मिमी.) आहेत. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तीच रेघ सहा पिक्सेल लांब होते. देवयानीपुरता एक पिक्सेल सु. दीड सेकंदात ओलांडला जातो. म्हणून नियम जुना समजून ३–४ सेकंदांच्या शेकडो चौकटी घेऊन संगणकावर ‘स्टॅक’ करणे (एकीवर एक रचणे), किंवा ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) वापरणे बरे. इंदूरला ध्रुव अवघा २२.७ अंश उंच, त्यामुळे ट्रॅकर लावताना गुडघे टेकून ध्रुवदर्शकाला (ध्रुव साधण्याच्या लहान दुर्बिणीला) डोळा लावावा लागतो आणि मध्ये एखादे झाड आले की सारी मांडणी हलवावी लागते.

शहराबाहेर जाण्यास महूपलीकडील जानापावची टेकडी (सु. ८५० मी.) लोकप्रिय आहे. मात्र तेथून इंदूरचा उजेड ईशान्येस दिसतो आणि देवयानी उगवते ती नेमकी ईशान्येसच. त्यामुळे संध्याकाळी घाई करण्यात अर्थ नाही. ती याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येऊ द्यावी. नोव्हेंबरच्या मध्यास हे रात्री साडेनऊच्या सुमारास घडते, तेव्हा ती उत्तरेकडे सु. ७१ अंश उंच असते.

तिथीबाबत इंदूरच्या मराठी घरांत हमखास घोळ होतो. दिवाळीची अमावास्या मराठी पंचांगात आश्विनातली, तर माळव्यातल्या पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणाऱ्या) पंचांगात कार्तिकातली. ‘कार्तिक अमावास्येला निघू’ म्हटल्यास मराठी आणि हिंदी मित्र महिन्याच्या फरकाने कॅमेरे घेऊन हजर होतात. दिवाळीच्या रात्री देवयानी उंच असते, पण फटाक्यांचा धूर आकाश खातो. पुढची अमावास्या अधिक भरवशाची. त्या सुमारास दव पडते, तेव्हा भिंगाला ऊबपट्टी लागते. फोकस ठळक ताऱ्यावर पडद्यात मोठा करून साधतात व भिंगाचे फोकसचे कडे चिकटपट्टीने बांधतात. भिंगाचे छिद्र एफ/२.८ ठेवल्यास कोपऱ्यातले तारे पाखरासारखे पसरणे बरेच आवरते.

त्रिकोणाची दृश्यप्रत (डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचा अंक) सु. ५.७ असली तरी तिचा उजेड एक अंशाहून अधिक लांबीवर पसरलेला असतो. शहरातल्या गच्चीवरून ती बहुधा येतच नाही. जानापाववरून स्टॅक केल्यावर मिराकच्या पलीकडे पुसट, निळसर डाग दिसतो.