तुतारी आणि पिपाणी: कानाला एक, डोळ्याला दोन

७ मे २०२४. ऊन उतरायला लागलं तेव्हा आत्याचा फोन आला. कोरेगाव तालुक्यातल्या तिच्या गावात लोकसभेचं मतदान करून ती नुकतीच घरी टेकली होती. "दिलं बाबा तुतारीला," म्हणाली. मतदान गुप्त असतं हे आत्याला मान्य नाही. मी सहज विचारलं, "काचेत चिठ्ठी बघितलीस का नीट?"

"बघितली की. तुतारी आली हुती."

"आणि माणूस?"

"कसला माणूस?"

"तुतारी वाजवणारा."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग हळूच, "माणूस न्हवता रं. नुसतीच हुती."

आत्यानं कुणाला मत द्यावं हा तिचा प्रश्न. पण जे द्यायचं होतं ते दुसरीकडे गेलं, आणि घरी येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. त्या निवडणुकीत असं झालेली ती एकटीच होती असं मला वाटत नाही. म्हणून ही दोन चिन्हं शेजारीशेजारी ठेवून बघू.

आधी वाद्यं. तुतारी म्हणजे धातूचे तुकडे एकात एक बसवून केलेली लांब, बाकदार नळी. तिला बटण नाही, भोक नाही. ओठ आणि फुप्फुसं यांच्या जोरावर मोजके चार सूर निघतात, पण ते गावाच्या वेशीपर्यंत जातात. आपल्याकडे लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात आला की ती वाजते, पुढारी स्टेजवर चढला की वाजते. ट्रम्पेट हे बँडवाल्यांचं. हातभर लांब, नळी स्वतःभोवतीच वळसा घेतलेली, वर तीन खटके, त्यामुळे त्यावर हवं ते गाणं वाजतं. वरातीत पुढं चालणाऱ्या मास्तरांच्या हातात असतं ते. आणि पिपाणी? ती या दोन्हींतली कुठलीच नाही. पिपाणी पालच्या खंडोबाच्या जत्रेत पोरं हट्ट करून घेतात आणि घरी येईपर्यंत घरच्यांचं डोकं उठवतात ती. ट्रम्पेटला पिपाणी हे नाव पडलं ते निवडणुकीत, थोडं ओळखीसाठी आणि बरंचसं हिणवण्यासाठी. नाव इतकं चिकटलं की पुढं बातम्यांतही तेच आलं.

आता चिन्हं. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगानं राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. शरद पवारांच्या पक्षाला त्याच महिन्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं आणि २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचं अनावरण झालं. हे चिन्ह त्या पक्षासाठी राखून ठेवलेलं, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही असं. ट्रम्पेटचं तसं नाही. ते आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत आधीपासूनच होतं, खाट, कपाट, शिट्टी, रोडरोलर यांच्या पंगतीत. अपक्ष उमेदवार अर्ज भरताना त्या यादीतली तीन चिन्हं पसंतीक्रमानं लिहितो. माघारीची मुदत संपली की निवडणूक अधिकारी वाटप करतात आणि एकाच चिन्हावर दोघे अपक्ष अडले तर चिठ्ठी टाकतात. १९६८ च्या चिन्हांविषयीच्या आदेशानुसार हे सगळं चालतं. म्हणजे ट्रम्पेट घेणाऱ्यानं नियम मोडला असं म्हणता येत नाही. त्याच्या मनात काय होतं हे त्याचं त्याला ठाऊक.

गोची झाली ती नावात. मुक्त चिन्हांच्या मराठी यादीत ट्रम्पेटला 'तुतारी' असं लिहिलं होतं! एकीकडे 'तुतारी वाजवणारा माणूस', दुसरीकडे नुसती 'तुतारी', आणि दोन्ही सरकारी कागदावर. बारामतीत यावर हरकतही घेतली गेली, पण उपयोग झाला नाही.

मला विचाराल तर खरी मेख आणखी पुढं आहे. प्रचार हा कानानं ऐकायचा असतो. रिक्षावर बांधलेला कर्णा गल्लीत शिरतो, आपण भांडी घासत असतो, गुरांना वैरण टाकत असतो, आणि कानावर पडतं: "तुतारी! तुतारी! तुतारी!" एवढं लांबलचक 'तुतारी वाजवणारा माणूस' कोण म्हणणार? कार्यकर्तेही 'तुतारी'च म्हणत होते, सभेतही तुतारीच वाजत होती. मतदान मात्र डोळ्यांनी करायचं असतं. यंत्रावर अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, छोटा फोटो आणि चिन्हाचं चित्र असतं. पक्षाचं नाव नसतं. चिन्हाचं नावही नसतं.

आता आत्याच्या डोळ्यांनी बघा. टपाल तिकिटाहून फार मोठी नाही अशी चित्रं, काळ्या रेघांची. एका ओळीत फेटेवाला माणूस, त्याच्या तोंडाशी काहीतरी बारीक, वाकडं. खालच्या एका ओळीत चौकोनभर पसरलेलं एकच वाद्य, तोंड फाकलेलं. मनात शब्द 'तुतारी'. जिला वाद्य शोधायचंय तिची नजर कुठं थांबेल? खऱ्या तुतारीच्या चित्रात मोठा माणूसच होता. जे चित्र फक्त वाद्याचं होतं, तेच तुतारी नव्हतं.

तिच्यासारख्या मतदाराला घाईत निरखून बघायला सांगणंही सोपं नाही. मागं रांग, उन्हात आलेली, चष्मा पिशवीत. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंदांत ती कापून खाली पडते. आत्यानं ती बघितली आणि तिचं समाधानही झालं, कारण तिला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. यंत्रानं तिला बरोबर उत्तर दिलं, पण मनात घट्ट बसलेल्या शब्दाला चूक वाटलीच नाही.

फरक ओळखायची एक खूण मात्र होती, आणि ती कुणी फारशी सांगितली नाही. यंत्रावर नावं कशीही लावत नाहीत. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी आहे पण मान्यता नाही अशा पक्षांचे, शेवटी अपक्ष; आणि प्रत्येक गटात नावांच्या अक्षरक्रमानं. त्यामुळे ट्रम्पेटवाला अपक्ष असेल तर तो खालच्या अंगालाच सापडणार. बोट खाली खाली जातंय आणि तिथं 'तुतारी' दिसतेय, तर थांबून वर पुन्हा बघायचं. आमच्याकडच्या कार्यकर्त्यांनी नमुना म्हणून पुठ्ठ्याची यंत्रं वाटली होती, पण त्यावर आपलाच उमेदवार ठळक आणि बाकीच्या ओळी कोऱ्या. गोंधळ ज्या ओळीत होता ती ओळच छापली नव्हती.

४ जूनला सातारचा निकाल लागला. भाजपच्या उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ आणि शरद पवारांच्या पक्षाच्या, म्हणजे तुतारीवाल्या शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३ मतं. फरक ३२,७७१. ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२. झालं, संध्याकाळपर्यंत पोवई नाक्यावर चहा पिणारा प्रत्येक जण गणितज्ञ: "पिपाणीनं घालवली!"

इथं मी जरा अडतो. ही वजाबाकी बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निकाल तितका सरळ नाही. निकाल उलटायला त्या ३७,०६२ पैकी किमान ३२,७७२ मतं चुकून पडलेली असायला हवीत. म्हणजे शंभरातली ८८ हून जास्त. राज्यातल्या कुठल्याही अपक्षाला थोडी स्वतःची मतं मिळतात, थोडी रागाची मिळतात. यातली किती आत्यासारखी होती हे मोजायला यंत्रात सोय नाही, कारण चिठ्ठीवर चिन्ह छापतं, मनातलं छापत नाही. घोळ मोठा होता याबद्दल मला शंका नाही. दिंडोरीत याच चिन्हावरच्या अपक्षाला एक लाखावर मतं गेली, त्याचं आडनावही तिथल्या तुतारीवाल्या मुख्य उमेदवाराचंच होतं, आणि तरी तो मुख्य उमेदवार जिंकलाच. पण घोळ मोठा असणं वेगळं आणि त्यानं निकाल फिरवणं वेगळं. पहिलं मी पैज लावून सांगेन. दुसऱ्यावर चहासुद्धा लावणार नाही.

त्या दिवसांत अजून एक वाक्य फार ऐकलं: "आपली माणसं अडाणीच." हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण सातारच्या शेजारीच आहे. सांगलीत त्याच दिवशी मतदान झालं. तिथं विशाल पाटील अपक्ष उभे होते. त्यांना चिन्ह मिळालं लिफाफा, मुक्त यादीतलंच. माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली, मतदान ७ मेला. म्हणजे तासगाव-कवठेमहांकाळपासून जतपर्यंत लिफाफा पोचवायला जेमतेम पंधरा दिवस. समोर कमळ होतं, मशाल होती. आणि लिफाफा लाखभर मतांनी निवडून आला. त्याच जिल्ह्यातला इस्लामपूर-शिराळ्याचा भाग हातकणंगले मतदारसंघात येत असल्यानं तिथल्या लोकांना लिफाफा मिळालाच नाही, तेवढी सीमा सोडली तर गावोगाव म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो बिनचूक शोधला.

मतदार तेच. उन्हाळा तोच. यंत्रही तेच. फरक एवढाच की लिफाफा या शब्दाचं चित्र लिफाफाच होतं. यादीत त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं, 'लिफाफा उघडणारा माणूस' असं काही नव्हतं. कानात गेलं तेच डोळ्यांनी सापडलं.

बाकी आमच्या आत्याच्या पिढीला चिन्हं बदलायची सवय आहे. काँग्रेसची बैलजोडी तिनं लहानपणी भिंतींवर बघितली. यशवंतराव चव्हाण साताऱ्यातून उभे राहायचे तेव्हा १९७१ मध्ये गाय-वासरू आलं, मग पंजा आला. १९९९ मध्ये घड्याळ. प्रत्येक वेळी घरच्यांनी एकदा सांगितलं आणि काम झालं, कारण बैलजोडी म्हणजे बैलजोडी होती. घड्याळाचा काटा कुठं आहे हे कुणी विचारलं नाही.

लोकसभेनंतर तक्रारी झाल्या. विधानसभेच्या घोषणेच्या वेळी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आयोगानं सांगितलं की ट्रम्पेट वेगळं आहे, ते यादीतून काढणार नाही. पण तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र यंत्रावर लहान दिसतं ही तक्रार मान्य, ते मोठं करू. पक्षानंच आकाराचे पर्याय दिले, त्यातला एक घेतला. मला ही दुरुस्ती अर्धी वाटली. चित्राचं दुखणं बरं केलं, पण घोळ मुळात शब्दातला होता आणि तो रिक्षाच्या कर्ण्यातून तसाच वाजत राहिला.

नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी मी गावी गेलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं दोन चित्रं काढली: एक फेटेवाला, गाल फुगवलेला, हातात वाकडी तुतारी, एक बँडवाल्यांचं, तीन खटक्यांचं. माझी चित्रकला बघता फेटेवाला सुईणीसारखा दिसत होता. आत्यानं कागद लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो माणूस."

"हां."

"आन् ही बेंडवाल्याची."

"बरोबर."

कागद घडी करून तिनं ब्लाउजात ठेवला. केंद्रात चिन्हाचा कागद नेता येत नाही म्हटल्यावर परत काढून माझ्या हातात दिला. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत चुलीकडं गेली आणि तिथूनच ओरडली, "ते चिन्ह-बिन्ह ऱ्हाऊ दे. वरनं कितवा नंबर ते सांग, बोटं मोजून जाते."