क्रँककेसच्या वायूतून तेल वेगळे करताना

पिस्टनच्या रिंगा कितीही नीट बसलेल्या असल्या, तरी सिलिंडरातला सगळा वायू त्या अडवू शकत नाहीत. रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर रिंग तापून फुगली की टोके एकमेकांवर दाबली जातात आणि ती सिलिंडरला ओरबाडते. या फटीतून ज्वलनाचा थोडा वायू प्रत्येक स्ट्रोकला खाली निसटतो. हाच ब्लो-बाय. धडधाकट इंजिनात त्याचे प्रमाण आत घेतलेल्या हवेच्या साधारण अर्धा ते एक टक्का असते. दोन लिटरचे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला जवळपास ३००० लिटर हवा ओढते, म्हणजे मिनिटाला १५ ते ३० लिटर वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरांखाली क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात, उतरतो. त्याला वाट दिली नाही तर आतला दाब वाढत जातो आणि ऑइल सील, गॅस्केट किंवा डिपस्टिक यांपैकी जे कच्चे असेल तिथून तेल बाहेर येते.

पूर्वी ही वाट सरळ रस्त्यावर उघडत असे. क्रँककेसमधून एक पाइप गाडीखाली सोडलेला, त्याचे टोक तिरके कापलेले; गाडी पळू लागली की वाऱ्याने ओढ निर्माण होई. गाडी उभी असताना ओढ नसे, आणि न जळलेले इंधन व तेलाचा धूर थेट हवेत जाई. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून पेट्रोल गाड्यांना पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) पद्धत आली आणि हा वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांत) परत जाऊन जळू लागला. हवेसाठी ही मोठी सुधारणा होती. मात्र वायूबरोबर तेलही इनटेकमध्ये शिरू लागले.

हे तेल दोन तऱ्हांनी वायूत मिसळते. बेअरिंगांतून उडणारे, फिरत्या क्रँकवरून भिरकावलेले आणि पिस्टन थंड करणाऱ्या जेटचे तेल फुटून तुलनेने मोठे थेंब होतात. दुसरे तेल पिस्टनच्या खालच्या तापलेल्या बाजूवर चक्क वाफ होते, आणि ती वाफ थंड भागात पोहोचली की एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक थेंबांचे धुके होते. खरी डोकेदुखी या धुक्याची आहे. १० मायक्रॉनचा थेंब शांत हवेत सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर खाली येतो. एक मायक्रॉनच्या थेंबाचा वेग त्याच्या शंभराव्या भागाइतका, म्हणून १० सेंटिमीटर उतरायला त्याला तासभर लागतो. इंजिनात वायू एवढा वेळ थांबत नाही.

इनटेकमध्ये शिरलेले हे तेल पुढे नुकसान करते. टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकते. तिथे तेल भाजून चिकट कार्बन होतो आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता उतरते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये त्याचा थर बसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागच्या बाजूला कार्बनची पुटे चढतात. सिलिंडरात गेलेले तेल नॉकिंगला (इंधन अवेळी भडकण्याला) निमित्त देते. डीझेलमध्ये तर ते धुरातली काजळी अडवणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरचे आयुष्य खाते. कमी राखेच्या (लो-सॅप्स) तेलांतही, उदाहरणार्थ एसीइए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेच्या सी३ दर्जात, सल्फेटेड अ‍ॅशची मर्यादा ०.८ टक्के आहे. म्हणजे असे किलोभर तेल जळले तर आठ ग्रॅमपर्यंत राख उरते. फिल्टरमधली काजळी रीजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ करताना) जळून जाते, ही राख जळत नाही.

तेल वेगळे करण्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या एकाच गोष्टीवर चालतात: वायू झटकन वळतो, जड थेंब सरळ जाऊ पाहतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या टाकून वायूला वळसे घ्यायला लावले की मोठे थेंब भिंतींना लागून खाली ओघळतात. इथे १० मायक्रॉनच्या आसपासपर्यंतचे काम होते, पुढे नाही. सायक्लोनमध्ये वायू कडेने आत शिरून गोल फिरतो, आणि व्यास लहान ठेवला तर एक-दोन मायक्रॉनचे थेंबही भिंतीकडे फेकले जातात. मात्र आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) वायू कमी असतो, फिरकी मंदावते आणि सायक्लोन जवळपास निकामी होतो. म्हणून अनेक छोटे सायक्लोन लावून प्रवाहाप्रमाणे त्यांतले काही बंद ठेवतात. इम्पॅक्टर त्याहून सोपा: बारीक छिद्रांतून वायूचा झोत समोरच्या पत्र्यावर किंवा नमद्यावर आपटवायचा. वायू काटकोनात वळतो, थेंब चिकटतात.

यापलीकडे बारीक तंतूंचा कोअलेसिंग फिल्टर येतो. त्यात ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान थेंब हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत तंतूंना लागतात, मोठे थेंब जडत्वाने लागतात. मधले, ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे, सर्वांत चिवट. अडकलेले थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि गळून खाली येतात. काजळीने हा फिल्टर हळूहळू बुजतो, म्हणून तो ठराविक काळाने बदलावाच लागतो.

मला सर्वांत देखणी वाटते ती चकत्यांची सेंट्रीफ्यूज. गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय काढणारे यंत्र बनवले, आणि पुढे त्यात शंकूच्या आकाराच्या चकत्यांची चळत आली. तीच रचना आज मोठ्या ट्रकांच्या इंजिनांवर बसते आणि इंजिन ऑइलच्या दाबावर किंवा विजेच्या मोटरवर फिरते. पाच सेंटिमीटर त्रिज्या आणि ८००० आरपीएम धरले, तर बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३६०० पट होते. वर ज्या एक मायक्रॉनच्या थेंबाला १० सेंटिमीटर उतरायला तास लागत होता, तो इथे ते अंतर सेकंदभरात कापतो. चकत्यांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर असले तर सेकंदाच्या दोनशेव्या भागातच तो चकतीला टेकतो. बदलायचा फिल्टरही नाही.

अशा तेल वेगळे करणाऱ्या साधनावर, म्हणजे सेपरेटरवर, ‘९५ टक्के कार्यक्षमता’ लिहिलेले असले तरी ती कोणत्या आकाराच्या थेंबांसाठी हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. १० मायक्रॉनच्या एका थेंबात एक मायक्रॉनच्या हजार थेंबांएवढे तेल असते. नुसते मोठे थेंब पकडणारा डबाही वजनाच्या हिशेबात उत्तम गुण मिळवतो, आणि धुके तसेच पुढे जाते.

डिझाइन करणाऱ्याची खरी कसरत दाबाची असते. क्रँककेसमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब, साधारण ५ ते २५ मिलिबार, राखायचा असतो. डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) व्हॉल्व्ह हे काम करतो. सेपरेटर जितका बारीक पकडतो तितका दाब तो खातो, आणि टर्बो इंजिनात कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मिळणारी ओढ मुळातच थोडी असते. डिस्क सेंट्रीफ्यूज भाव खाते ती इथेच, कारण ती जोर बाहेरून घेते.

त्यातून पकडलेले तेल परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलकुंडात) न्यायचे असते. सेपरेटरच्या आत दाब क्रँककेसपेक्षा कमी, त्यामुळे तेल आपणहून खाली जात नाही, उलट वर ओढले जाते. हा फरक २० मिलिबार असेल तर परतीच्या पाइपमध्ये सुमारे २४ सेंटिमीटर उंचीचा तेलाचा स्तंभ उभा राहतो. म्हणजे सेपरेटर सम्पच्या पातळीपेक्षा निदान तेवढा, आणि वर थोडा जास्त, उंच हवा. पाइपचे टोक तेलात बुडालेले हवे. टोक उघडे राहिले तर वायू सेपरेटरला टाळून त्याच पाइपने वर चढतो आणि जमलेले तेल सोबत घेऊन जातो. उंची मिळत नसेल तिथे एकतर्फी व्हॉल्व्ह लावतात. इंजिन बंद झाले की तो उघडतो आणि साठलेले तेल उतरते. हा छोटा व्हॉल्व्ह गाळाने चिकटला की सेपरेटर भरतो आणि वाटीभर तेल एकदम इनटेकमध्ये जाते. डीझेल इंजिनात हे फार धोक्याचे: इंजिन स्वतःच्याच तेलावर पळू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

पाण्याकडेही लक्ष हवे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि त्यातला थोडा भाग ब्लो-बायबरोबर खाली उतरतो. इंजिन पुरते तापायच्या आत बंद केले, असे रोज होत राहिले, की ऑइल कॅपखाली पांढरट मलईसारखा थर दिसतो. कडाक्याच्या थंडीत हेच पाणी ब्रीदरच्या (क्रँककेसचा वायू बाहेर नेणाऱ्या) पाइपमध्ये गोठून वाट बंद करते. म्हणून थंड प्रदेशांतल्या गाड्यांत त्या पाइपला हीटर देतात. बाहेरून बसवलेल्या कॅच कॅनमध्ये (तेल पकडणाऱ्या डब्यात) जमणाऱ्या मिश्रणात पाणी आणि इंधन दोन्ही असतात. ते पुन्हा इंजिनात ओतू नये. आत पट्ट्या किंवा जाळी नसलेला रिकामा कॅन धुक्याला जवळजवळ अडवत नाही.

दोष शोधताना सुरुवात तेलाच्या पातळीपासून करावी. जास्त भरलेल्या तेलात क्रँक आपटून फेस आणि धुके वाढते. मग इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइल कॅप जपून उचलून पाहावी. कॅप घट्ट ओढलेली असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर डायफ्रॅम फाटल्याची शक्यता मोठी. अशा वेळी पाण्याचा मॅनोमीटर (दाब मोजणारी नळी) जोडू नये, मॅनिफोल्डची ओढ त्यातले पाणी इंजिनात नेईल. तसे काही नसेल तर पारदर्शक नळी यू आकारात धरून तिच्यात पाणी घालावे आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवाबंद बसवावे. १० मिलिमीटर फरक म्हणजे एक मिलिबार. क्रँककेसकडची पातळी खाली दबली तर आत दाब वाढलेला आहे. आधी ब्रीदरचे पाइप आणि व्हॉल्व्ह मोकळे आहेत का पाहावे, फिल्टर असेल तर बदलावा. तरीही दाब उतरला नाही, तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरात हवा भरून किती निसटते हे मोजणे) करून रिंगा तपासाव्यात. टर्बोच्या शाफ्टचे सील गळत असतील तर तिथूनही दाब येतो, आणि हवेच्या ब्रेकच्या वाहनांत झिजलेला एअर कॉम्प्रेसरही क्रँककेसमध्ये हवा ढकलतो. रिंगा बदलण्यासाठी इंजिन उघडण्याआधी हे दोन्ही पाहून घ्यावेत.